तक्रार, मालकांसकट

पडद्याच्या खालच्या काठावरची शिलाई निम्म्याच्या पुढे सरकली होती, तेवढ्यात मशीन थांबलं. सुई कापडात रुतलेली राहिली. वरच्या पंख्यानं सवयीनं दोन-चार फेरे घेतले आणि तोही थांबला.

नाट्यगृहाचा नवा पडदा पडदेवालीच्या मांडीवरून पलंगावर, पलंगावरून टेबलावर आणि तिथून थेट दारापर्यंत पसरला होता. गडद निळं मखमल. एवढं कापड घरात आल्यापासून नवरा-बायको पाण्याखाली राहिल्यासारखे राहत होते. चालताना पाय आपोआप हळू पडायचे, बोलताना आवाज आपोआप खाली यायचा.

"अहो," पडदेवाली म्हणाली, "समोरच्यांकडे रेडिओ चालू आहे."

तिचा नवरा एका चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून बसवण्याचं काम करी. आज त्याची सुट्टी होती. समोरच्यांकडे वीज आहे आणि आपल्याकडे नाही, या दोन गोष्टींमधून निघणारा अर्थ त्याला लगेच दिसला.

"पडदा शनिवारी द्यायचाच आहे का?"

"नाही दिला तर नाटक बिनपडद्याचं होईल. आणि पुढच्या खेपेला ते दुसरीकडे जातील. एवढं मोठं काम मला पहिल्यांदाच मिळालंय."

भिंगवाला जिना उतरून खाली गेला. जिन्याखालच्या मीटरला सील ठोकलं होतं आणि थकबाकीमुळे पुरवठा तोडल्याची चिठ्ठी चिकटवली होती. घरमालक तळमजल्यावर एकटेच राहत. जन्मभर त्यांनी नकाशे काढले होते आणि आता आरामखुर्चीत पडून छतावरच्या ओलीच्या डागांत नवनवे देश शोधत.

"काका, आपली वीज तोडलीय."

"तोडली का? मला वाटलं ढग आले."

"बिल भरलं नव्हतं?"

"नसणार." मालक स्वतःबद्दलही शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं बोलत. "पाकिटं येतात, ती मी त्या फुलदाणीत ठेवतो. उघडलं की माणसाचा दिवस नासतो."

फुलदाणीत पाकिटांचा चांगला भरगच्च गुच्छ झाला होता. भिंगवाल्यानं घसा साफ केला. कडक बोलायचं त्यानं जिन्यातच ठरवलं होतं. "काका, आपल्या करारात वीज आणि पाणी भाड्यातच धरलंय. भाडं आम्ही वेळेवर देतो."

"तुमच्यासारखा भाडेकरू दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही."

"मग ही काय पद्धत झाली?"

"अजिबात पद्धत नाही. तुमच्यावर अन्याय झालाय. मी तुमच्या जागी असतो तर गप्प बसलो नसतो."

भिंगवाला जरा गडबडला. भांडणाला दोन बाजू लागतात आणि मालक तर त्याच्याच बाजूला येऊन बसले होते. "मी तक्रार करणार आहे," तो म्हणाला. "तुमच्याविरुद्ध."

"करायलाच हवी. थांबा, चपला घालतो. एकट्या माणसाला तिथं कुणी विचारत नाही."

वीज कार्यालयापर्यंतचा रस्ता झाडांखालून जात होता आणि मालक तो बागेत फिरावं तसा चालले. एका नळावर पाणी प्याले, एका भिंतीवरच्या मांजराला नमस्कार केला. भिंगवाला पुढे जाऊन थांबे, मागे वळून पाही. आपण माणसाला कोर्टात खेचतोय की हवापालटाला नेतोय, हे त्याला कळेना.

खिडकीतल्या बाई कागद हात लांब करून वाचत होत्या. भिंगवाल्याला वाटलं, यांचा नंबर वाढलाय. पण ही वेळ नव्हती. त्यानं सुरुवात केली, "असं आहे की, आमचे मालक जे आहेत, ते तसे चांगले आहेत, पण…"

"असं नाही सांगायचं." मालकांनी त्याला हलकेच बाजूला केलं. "बाई, यांचे मालक पक्के आळशी आहेत. विजेचे पैसे भाड्यात घेतात आणि भरत नाहीत. यांची बायको पोटासाठी पडदे शिवते. अर्ध्या शिलाईत मशीन बंद पडलंय. आणि ते महाशय आरामखुर्चीत पडून छत बघतायत."

बाईंनी कागद खाली ठेवला. "तुम्ही बघितलंय त्यांना?"

"रोज बघतो."

"अशा माणसांना लाज कशी वाटत नाही?"

"वाटते थोडी," मालक म्हणाले, "पण टिकत नाही."

बाईंना पहिल्यांदाच कुणीतरी इतकं स्वच्छ सांगत होतं. त्यांनीही तितकंच स्वच्छ सांगितलं. भाड्यात वीज धरलेली असताना मालकानं ती भरली नाही, तर भाडेकरूनं स्वतः भरावी, पावती घ्यावी आणि तेवढी रक्कम भाड्यातून वळती करावी. त्याबद्दल मालकानं घर खाली करायला सांगायचं नाही की भाडं वाढवायचं नाही.

"वाढवलं तर मी बघतो," मालक म्हणाले.

"फक्त मालकांची सही लागेल. आता ते कुठं सापडायचे?"

मालकांनी खिशातून पेन काढलं आणि सही केली. बाईंनी सही पाहिली, मालकांना पाहिलं, मग भिंगवाल्याला पाहिलं.

"तुम्ही मालक?"

"हो."

"मग तुम्हीच का भरत नाही?"

"माझ्यावर विसंबू नका, बाई. मला त्या माणसाचा जन्मभराचा अनुभव आहे."

बाईंनी शिक्के मारले. भिंगवाल्यानं पैसे भरले. उद्या दुपारी माणसं येऊन जोडणी करून देतील, असं सांगण्यात आलं. यापुढे बिल आलं की पाकीट थेट वर द्यायचं, असं मालकांनी बाईंसमोर कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी भिंगवाल्यानं अर्धी रजा टाकली. वेळ वाया जाऊ नये म्हणून पडदेवालीनं हातशिलाई सुरू केली. वरच्या खोलीत उजेड कमी, म्हणून पडदा जिन्यावरून खाली सोडला. निळं पाणी पायऱ्यापायऱ्यांनी उतरत मालकांच्या खोलीत गेलं आणि खिडकीपाशी थांबलं. तिथं तिघं तीन टोकांना बसली. मालकांना टाके छान जमत होते, सरळ आणि एकसारखे.

"काका, तुम्ही शिवणकाम शिकलाय?" पडदेवालीनं विचारलं.

"नाही. पण नद्या पुष्कळ काढल्यात."

बाहेर ऊन होतं, आत पंखा नव्हता. मखमल गुडघ्यांवर उबदार झालं होतं. मालक कुठल्याशा बेटाबद्दल सांगत होते. नकाशात ते त्यांनी चुकून काढलं होतं आणि नंतर खोडायला जीव झाला नव्हता. पुढे एक माणूस ते बेट बघायला म्हणून सामान बांधून निघालाही होता. त्याचं काय झालं, ते भिंगवाल्याला ऐकायचं होतं. पण बेटाच्या किनाऱ्यावर निळ्या लाटा एकामागून एक येत होत्या, आणि त्यातली एक त्याच्या डोळ्यांवरून गेली. कुणीतरी लांब, पलीकडच्या किनाऱ्यावर, दार ठोठावत होतं. फार सौम्यपणे. त्याला वाटलं, उघडायला हवं, आणि तो आणखी खोल गेला.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. पडदेवाली पडद्यात गुरफटून झोपली होती, मालक बसल्या जागी. दाराला चिठ्ठी होती: घर बंद असल्यामुळे जोडणी करता आली नाही.

"झोपलात?" पडदेवालीनं चिठ्ठी वाचून नवऱ्याला विचारलं.

"तूही झोपली होतीस."

"मी शिवून झोपले. तुम्ही दार उघडायला थांबला होतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक स्वतःच आधी तयार होऊन उभे होते. वीज कार्यालयाच्या खिडकीपुढे मोठी रांग होती. मालकांनी आवाज चढवला नाही, पण शब्द असे ठेवले की रांग हळूहळू त्यांच्याभोवती गोल झाली. पैसे भरून घेतल्यावर माणसाला अंधारात ठेवता येतं का? दार एकदाच ठोठावलं, दुसऱ्यांदा ठोठावायला बोटं दुखत होती का? दमलेल्या माणसाला दुपारी झोप लागणं हा गुन्हा आहे का? रांगेत मागे कुणीतरी म्हणालं, "बरोबर बोलतायत काका." बाईंनी फोन उचलला. दुपारच्या आत माणसं आली, सील निघालं, मशीन पुन्हा धावू लागलं, आणि शनिवारी पडदा नाट्यगृहात गेला.

तो न्यायला आलेले नाट्यगृहाचे व्यवस्थापक जिन्यात मालकांशी बोलत थांबले. ते स्वतः भाड्याच्या घरात राहत आणि त्यांचे मालक पाण्याची पट्टी भरत नसत. मालकांनी त्यांना खुर्ची दिली. पुढच्या आठवड्यात व्यवस्थापकांकडे पाणी आलं. त्यांनी ते रंगभूषाकाराला सांगितलं, त्यानं आपल्या मेहुण्याला. खिडकीतल्या बाईही गोंधळलेला भाडेकरू दिसला की त्याला आता पत्ता सांगू लागल्या. दुपार झाली की तळमजल्याच्या दारापाशी चपला जमत. मालक आरामखुर्चीत ताठ बसू लागले. अर्जात काय लिहायचं, पावती कशी जपायची, रागावलेल्या मालकाशी सौम्य कसं बोलायचं, सगळं समजावून सांगत. एका चहावाल्यानं तर त्यांना भाडेकरूंची माउली म्हटलं.

पडदेवालीला नाट्यगृहाकडून दुसरं काम आलं. आतला पडदा, राखाडी, ढगासारखा. घर पुन्हा भरलं. आणि एका दुपारी मशीन थांबलं.

भिंगवाला खाली आला. मीटरला सील होतं. पाकीट वर द्यायला मालकांना सवड झाली नव्हती. तो तडक आत शिरायला गेला, तर रांगेतल्या एका बाईंनी त्याला अडवलं.

"नंबरानं या, भाऊ. सगळ्यांचीच वीज गेलीय."

तो मागे जाऊन उभा राहिला. रांग सरकत गेली. दाराच्या फटीतून मालकांचा शांत, समजूतदार आवाज येत होता. ऐकता ऐकता त्याचाही राग जरा निवला. शेवटी त्याचा नंबर आला. मालकांनी समोरची खुर्ची पुढे केली.

"बसा. वीज की पाणी?"

"वीज."

"करारात धरलीय?"

"धरलीय."

"मालकांना तुम्ही सांगून पाहिलंत?"

"सांगितलं. ते म्हणतात, तुमचं अगदी बरोबर आहे."

मालकांच्या चेहऱ्यावरची आशा मावळली. ते थोडा वेळ छताकडे बघत राहिले, मग पुढे वाकून त्यांनी भिंगवाल्याच्या हातावर हात ठेवला.

"मग अवघड आहे हो," ते हळू आवाजात म्हणाले. "भांडणारा मालक वठणीवर येतो. ही जात सुधारत नाही. माझं ऐका, ताईंना सांगा, आजच्या दिवस हातानंच शिवा. दुसरं टोक मी धरतो."