लिंबाजीमामांचं बोट चुकलं

अन्याय झाला तो गोरेगावच्या बस मागणी समितीवर. दोन हजार सात साली, कॉलेजं उघडायच्या आदल्या सोमवारी, भर दुपारी, हिंगोलीतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात. करणारा परका नव्हता. आमच्याच समितीचे खजिनदार, लिंबाजीमामा. लॅपटॉपला रॅम टाकून आणा म्हणून पाठवलं, आणि हा माणूस बॅटरी घेऊन परत आला. कारण विचारलं तर म्हणाले, "बोट चुकलं."

बोट कसं चुकतं हे समजायला आधी मामा समजले पाहिजेत. ते सोपं नाही.

मामांनी उभा जन्म शेळ्यामेंढ्यांची दलाली केली. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा हातात हात देतात, वरून रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून भाव ठरवतात. भोवतीच्या बघ्यांना काही कळत नाही. हात सुटला की सौदा पक्का, मग माघार नाही. बाजारापुरती ही रीत ठीक आहे. मामा ती सगळीकडे चालवत. केळीवाल्यापाशी रुमाल, जीपवाल्यापाशी रुमाल. पुतणीच्या सोयरिकीत त्यांनी नवऱ्या मुलाच्या बापाचा हात रुमालाखाली घेतला आणि बोलणी तिथंच थांबली.

कहर केला तो बस आगारातल्या साहेबांपुढे. आमचं शिष्टमंडळ गेलेलं. मी निवेदन वाचत होते: कॉलेजच्या वेळेला गोरेगावहून सेनगावला बस नाही, मुली जीपच्या मागच्या फळीवर लटकत जातात, उद्या एखादी पडली तर जबाबदार कोण? साहेब ऐकत होते, चेहरा जरा नरमलाही होता. तेवढ्यात मामांनी टेबलावरून हात घातला, साहेबांचा पंजा धरला, वर रुमाल टाकला आणि दोन बोटं दाबली. साहेबांनी हात असा हिसडला की पाण्याचा ग्लास माझ्या निवेदनावर.

बाहेर येऊन मी भडकले. मामा शांत.

"दोन गाड्या मागितल्या. त्यो एकावर आला असता. तू काहून मधी वरडून राहिली व्हतीस?"

"मामा, ते कार्यालय आहे. बकरीबाजार नाही."

"हात तर मानसाचाच व्हता की."

एक गोष्ट मात्र सगळं गाव मान्य करायचं आणि मामा ती रोज ऐकवायचे: "आजवर माझं बोट चुकलं न्हाई." शाळा त्यांनी बाहेरून पाहिलेली. त्यामुळे पदवी म्हणा, पदक म्हणा, काय ते हेच.

आता लॅपटॉप. समितीनं वर्गणी काढून घेतला. सगळ्यात साधं मॉडेल, तेही कुणीतरी वापरून विकलेलं. घ्यायच्या दिवशी मामांनी झाकण उघडून कळफलकावरून अंगठा फिरवला, उलटं करून खालून पाहिलं, हातावर तोललं आणि विकणाऱ्याला विचारलं, "किती दाताचं हाय?" मग आमच्याकडे वळून निकाल दिला: "हाडापेरानं बरं हाय. घ्या."

हाडापेरानं बरं असेल, चालीनं नव्हतं. मराठी टाईप करायला बसलं की अक्षर आधी उमटायचं आणि त्याचा कानामात्रा मागून यायचा, कळपातल्या लंगड्या मेंढीसारखा. मी वैतागून बटणं बडवायची. मामा माझं मनगट धरायचे. "हाकू नको माय. दमलंय ते." आतला पंखा घरघरला की म्हणायचे, "बघ, धाप लागली." आणि खरोखर त्याला सावलीत सरकवायचे.

लॅपटॉप राहायचा मामांकडे. बाजाररस्त्याला लागून त्यांची पुढची खोली रिकामी होती, आणि कुलपाची लोखंडी पेटी गावात त्यांच्याइतकी दणकट कुणाची नव्हती. मामी जाऊन बरीच वर्षं झालेली. दोन्ही पोरं मेंढरं विकून पुण्याकडे कामाला गेलेली. मामा लॅपटॉप घोंगडीत गुंडाळून पेटीत ठेवायचे, आम्ही आलो की काढून द्यायचे आणि शेळीच्या दुधाचा चहा मांडायचे. त्या चहाबद्दल मी काही लिहीत नाही. प्यायलेल्यांना माहीत आहे.

दुपारी लाईट जायची. लॅपटॉपची बॅटरी मेलेली, त्यामुळे लाईटबरोबर पडदाही काळा. मग आम्ही चपला घालायचो आणि घरी.

वर्गणीतून एकच वस्तू घेता येईल एवढं शिल्लक होतं. बैठक बसली. मुजीब आमचा फोटो काढणारा. त्याला मोठी हार्ड डिस्क पाहिजे होती. मी त्याला ठणकावलं, "हार्ड डिस्क म्हणजे कोठार, रॅम म्हणजे खळं. कोठार केवढंही बांध, खळंच ओंजळीएवढं असेल तर मळणी कुठं करशील?"

"मग बॅटरी?"

"बॅटरी ही चैन आहे. लाईट आली की काम करू. आपल्याला कॉलेज उघडल्यावर पहिल्या बाजाराला पत्रक वाटायचंय. रॅमच पाहिजे."

हात वर झाले. रॅम ठरली. मामा तेवढ्यात चहाची कपबशी घेऊन माझ्यापाशी आले.

"या रॅमनं काय व्हईल गं?"

"काम झटकन उरकेल. दोन दिवसांचं पत्रक एका बैठकीत."

"मंग?"

"मंग काय, आम्ही आपापल्या घरी. तुमची रोजची तकलीफ गेली."

मामांनी खांद्यावरचा रुमाल उगाच झटकला. "व्हय," म्हणाले. "तकलीफ हाय खरी."

भाव पाडायला त्यांच्यासारखा माणूस नाही, म्हणून त्यांनाच पाठवलं. चुकू नये म्हणून मी चिठ्ठी लिहून दिली. लॅपटॉप घोंगडीत, चिठ्ठी बंडीच्या खिशात, मामा जीपमध्ये. संध्याकाळी परत आले ते बॅटरी घेऊन.

"रुमालाखाली ते दुकानाचं पोरगं एक बोट दाबून राहिलं, मी दुसरंच समजलो. हात सुटला. मंग सौदा झाला."

सगळे मामांच्या बोटांकडे बघायला लागले. शेवटी मुजीबच म्हणाला, "मामा, तुमचं बोट?"

"चुकलं," मामा म्हणाले, आणि चहाला आधण ठेवायला आत गेले.

मी त्या दिवशी काय काय बोलले ते छापण्याजोगं नाही. समितीचा ठराव, लोकांची वर्गणी, मुलींचा जीव, सगळं एका रुमालाखाली गेलं, असा सूर होता. आणि पत्रक पुन्हा त्याच लंगड्या मेंढीवर करायचं होतं.

केलंही. दुपारी लाईट गेली तरी पडदा उजेड देत राहिला, म्हणून आम्ही बसून राहिलो. कानामात्रा येईपर्यंत मामा बाजारातल्या गोष्टी सांगायचे. कोणत्या व्यापाऱ्याच्या हाताला घाम सुटायचा, कोण बोट दाबताना डोळा मारायचा. मजकुरातही नाक खुपसायचे. "'जाहीर निषेध' काहून वरच? कुनाच्या दारात गेलं की आधी रामराम घालतेत." मुजीब घड्याळ बघायचा तर मामा म्हणायचे, "बस रे लेकरा, चालू हाय अजून." चहाच्या फेऱ्या वाढल्या. मी दात खाऊन टाईप करत होते. पत्रक बाजाराच्या आदल्या दिवशी छापायला गेलं, जेमतेम.

पत्रकं वाटून झाल्यावर मी त्या दुकानदाराला गाठायला हिंगोलीला गेले. म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात नको ती वस्तू मारतोस काय, असं खडसावायचं होतं. भाषण तयार होतं.

दुकानदार तरुण होता. ऐकून गोंधळला. "मैंने क्या मारा, दीदी? चाचा ने चिठ्ठी दी, मैंने रॅम निकालके काउंटर पे रखी. उन्होंने ही वापस की."

"वापस? आणि रुमाल?"

"रुमाल से तो पसीना पोंछ रहे थे. हाथ-वाथ कुछ नहीं पकड़ा. सीधा पूछा, लाईट गेल्यावर बी हे चालू राहावं, त्याला काय लागतं? मैंने कहा, बॅटरी. बोले, तेच दे."

भाषण तसंच घेऊन मी परतीची जीप धरली.

गोरेगावला परतले तेव्हा मामा दारात उभे होते. लाईट गेलेली होती. पत्रकाचं काम संपल्यामुळे समितीतलं कुणी आलेलं नव्हतं. आत लॅपटॉप उघडा, चालू, आणि समोर कुणी नाही. बाजूला कपबशा उपड्या मांडून ठेवलेल्या, सगळ्यांच्या.

"गेली व्हतीस म्हनं दुकानात," मामा रस्त्याकडे बघत म्हणाले. "काय म्हनला त्यो?"

ज्या माणसानं चारचौघांत स्वतःची पदवी मोडून टाकली होती, त्याला मी काय सांगणार होते?

"म्हणाला, बोट चुकलं."

मामांनी मान हलवली. "चुकतं कदीमदी," म्हणाले. "चहा ठिवू?"

मी चपला काढल्या.

साधा, स्वस्त लॅपटॉप घेणाऱ्यांना माझं सांगणं आजही तेच आहे: पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर आधी रॅम वाढवा. मामांचं चुकलं, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय आणि पुन्हा सांगेन. पण तुम्ही आत्ता वाचताय ते पत्रक आगाराच्या साहेबांसाठी नाही, तुमच्यासाठी आहे, आणि मागणी एकच आहे. तुमच्या गल्लीत असं एखादं दार असेल, जिथं तुम्ही फक्त कामापुरते जाता. उद्या तिथं काम नसताना जा. आणि लाईट गेली तर उठू नका.