फ्रेंच घोडेस्वाराचा भंडारा

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळीच कडुबा शेळक्यांच्या अल्बममधला फ्रेंच घोडेस्वार गायब झाला. जुन्या सिगारेटच्या पाकिटांतून निघणारी शिपायांची ही रंगीत कार्डं कडुबांनी शहागंजातल्या जुन्या बाजारात वहाणा झिजवून जमवली होती. संच पुरा झाला होता, पहिलं बक्षीस जवळजवळ खिशात होतं आणि नेमका घोडेस्वार पळाला होता.

तो सापडला देवघरात. चंपाषष्ठी असल्यामुळे कडुबांच्या पत्नी वच्छलाबाईंनी त्याला फूल वाहून कपाळापासून घोड्याच्या शेपटीपर्यंत भंडारा माखला होता.

"अगं, ह्यो फिरंगी शिपाई हाय," कडुबा कळवळले.

"कार्ड वळखताना नावावर जाऊ नका, खुणा बघा, आसं तुमीच सांगता न्हवं? पांढरा घोडा हाय, हातात तलवार हाय, पायाशी कुत्रं बी हाय. खंडोबाच हाय ह्यो."

कडुबांची विद्या त्यांच्यावरच उलटली होती. बाई नैवेद्याच्या भरताकडे वळताच कडुबांनी देव उचलून खिशात घातला. रिक्षात रुमालाने पुसायला गेले, तर हळद आणखीच पसरली.

औरंगपुऱ्यातल्या सभागृहात परीक्षक नानासाहेब भिंग घेऊन कार्डावर वाकले. डाग दिसला की संच बाद, हा त्यांचा खाक्या सगळ्या छंदी मंडळींना ठाऊक होता.

"हे पिवळं काय आहे?"

"प्रतीक आहे," कडुबांनी ठोकून दिलं. "तलवार उगारलेली, पण अंगावर पराभवाची धूळ. चित्रकाराला फ्रेंचांची पुढची हार दिसली होती, साहेब."

नानासाहेब गंभीर झाले. "इतकं बारीक आजवर कुणी वाचलं नाही," म्हणत त्यांनी पहिल्या क्रमांकाची फीत हातात घेतलीसुद्धा. तेवढ्यात, देवघरातली जागा रिकामी पाहून पाठोपाठ आलेल्या वच्छलाबाई दारात उभ्या राहिल्या. हातात भंडाऱ्याची वाटी होती.

"देवाच्या भंडाऱ्याला पराभव म्हन्ता व्हय? जिभेला काय हाड हाय का नाय तुमच्या?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं कडुबांना झालं. नानासाहेबांनी घोड्याकडे पाहिलं, तलवारीकडे पाहिलं, कुत्र्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि मुकाट्याने चपला काढल्या. त्यांचंही कुलदैवत शहराजवळच्या सातारा गावचा खंडोबाच. वाटीतला भंडारा त्यांनी कपाळाला लावला.

"मग साहेब, ती फीत...?" कडुबांनी हळूच विचारलं.

"काय बोलताय, कडुबा? देवाला नंबर देणारे आपण कोण?" असं म्हणून नानासाहेबांनी ती फीत शेजारच्या काडेपेट्यांच्या संग्रहाला लावून टाकली.

मागे दर्शनाला रांग लागली होती. फ्रेंच शिपायापुढे मग कडुबांनीही हात जोडले, कारण वच्छलाबाई बघत होत्या.