हिंदुरावांच्या घरातल्या बाया

हिंदुराव चौगुल्यांविषयी लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं. गल्लीत कुणी त्यांचा विषय काढला की मी पाऊसपाण्यावर यायचो, नाहीतर उठून घरात जायचो. ते कसे होते हे सांगायचं, तर एका दुपारी मी काय केलं तेही सांगावं लागतं. आता हिंदुराव गेले. माझंही काही फार उरलेलं नाही. तेव्हा सांगून टाकतो.

हिंदुराव माणसांना अरेतुरे करायचे आणि बाहुल्यांना अहोजाहो.

नगरसेवक दारात आला तरी "काय रं लेका, गटार कधी काढतोस?" मी वयानं बराच मोठा, म्हणून मला तेवढी सूट होती. पण कपाटातून बाहुली काढायची झाली की हाच माणूस आवाज खाली आणायचा. "या बाई. जरा उजेडात या. पावणं आल्यात तुमाला बगायला."

अंगानं आडदांड, मिशा झुपकेदार, आवाज असा की गल्लीच्या टोकाला कुत्री उठून बसत. शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं त्यांचं दुकान होतं. दिवसभर तांब्याच्या तारेशी खेळून संध्याकाळी घरी आले की हात साबणानं तीन-तीनदा धुवायचे आणि मग काचेची कपाटं उघडायचे. तीन भिंतींना तीन कपाटं, वरपासून खालपर्यंत बाहुल्या. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पाण्याचा ग्लास हातातच राहिला. शंभर डोळे एकदम आपल्याकडे बघतायत, असं आयुष्यात कधी झालं नव्हतं.

पण खरा धक्का गच्चीवर बसला. आमची टाकी वाहत होती म्हणून मी वर गेलो. शेजारच्या गच्चीवर, हिंदुरावांच्या बनियनच्या रांगेत, दोरीला केसांनी चिमटे लावून मुंडकी लटकत होती. सोनेरी, काळी, तांबूस. वाऱ्यावर हळूहळू फिरत होती. मी जिन्याच्या पायरीवर मटकन बसलो.

पलीकडून आवाज आला, "आबा, घाबरू नका. बाया न्हाल्यात."

"अहो, धडं कुठायत?"

"बादलीत हायत की. गगनबावड्यास्नं आणल्यात. तिथल्या पावसानं केसात बुरशी धरलीया. शांपू लावला, गरम पाण्यातनं काढलं, आता वाळू द्यात." आणि खिशातला मिशांचा कंगवा काढून ते एका मुंडक्याचा गुंता सोडवायला लागले.

बाहुल्यांचा सगळा इतिहास त्यांच्या त्या कपाटांत खालून वर चढत गेलेला होता. सगळ्यात खाली लाकडाच्या ठक्या, हात अंगाला चिकटलेले, नाकडोळे रंगानं काढलेले. वर चिंध्यांच्या. त्याच्या वर सेल्युलॉइडच्या, पापुद्र्यासारख्या हलक्या. ("ह्यांच्याजवळ काडी वडायची न्हाई आबा. भप्पकन जात्यात.") मग आडव्या केल्या की डोळे मिटणाऱ्या, त्यांना ते 'झोपाळू बाया' म्हणायचे. आणि सगळ्यात वर ती परदेशी, लांब पायांची, कंबर मुठीत मावेल अशी. तिचा गुडघा वाकवून ते माझ्या कानाशी धरायचे. "ऐकलासा? टिक टिक वाजलं पायजे. वाजलं न्हाई तर नक्कल."

"टाचा का वर उचलल्यात हिच्या?" मी एकदा विचारलं.

"उंच टाचंची चप्पल घालायची म्हणून. चप्पल हरवली तरी ह्या बाई टाचा टेकवत न्हाईत. लई मानी." मग दोन बाहुल्या शेजारी धरून म्हणाले, "ही जुनी. तिरकी बगतीया, व्हय का न्हाई? आधीच्या समद्या तिरक्या बगायच्या. मागनं सरळ बगाय लागल्या. डोळ्याला डोळा देऊन. आता सांगा, जग कुनी बदललं?"

हे ते इतक्या जोरात विचारायचे, जणू मीच अडवून धरलं होतं.

लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं की, "घरात एवढ्या बाया असताना आनि एक आणून भांडणं लावू व्हय?" लोक हसायचे. तेही हसायचे. गारगोटीच्या बाजारातून, भंगारवाल्यांच्या पोत्यांतून, कुणाच्या माळ्यावरून ते बाहुल्या आणत राहायचे. रविवारी त्यांच्या पायरीवर गल्लीतल्या पोरींची रांग लागायची. कुणाच्या बाहुलीचा हात निखळलेला, कुणाचा डोळा आत गेलेला. प्रत्येकीला विचारायचे, "काय बिगडलंय बाईंचं?" डॉक्टरांच्या वरताण गंभीर चेहरा. आणि पोरींनी बाहुलीविषयी काही सांगितलं, तर ते दुसऱ्या कुणाच्या कानावर जायचं नाही.

माझी नात मनू पुण्याहून मे महिन्यात आली होती. तिनं माझ्या शाईच्या पेनानं आपल्या बाहुलीला माझ्यासारखा चष्मा काढला. मी रागावलो. "भंगारात जाईल आता ही," म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून बाहुली दिसली नाही. टाकली असेल, म्हणून मीही विसरलो. मनू पुण्याला परत गेली.

त्यानंतर काही दिवसांनी मी हिंदुरावांची शिडी परत द्यायला गेलो. दुपार होती. दार सताड उघडं, घरात कुणी नाही. शिडी आत भिंतीला टेकवली आणि वळलो, तर टेबलावर पांढऱ्या फडक्यावर एक बाहुली उताणी. अंगावर लाल कापड गुंडाळलेलं. गळ्यापासून पायापर्यंत टाचण्या टोचलेल्या. शेजारी लाल दोरा. आणि तोंडावर अर्धं लिंबू दाबून बसवलेलं.

त्या दिवशी अमावास्या होती. मी अमावास्या मानत नाही, त्यामुळं मला ते माहीत असायचं काही कारण नव्हतं. पण माहीत होतं.

मी कोण, तर दर गणपतीत मंडळाच्या मांडवात करणी-भानामतीवर टीका करणारा माणूस. पोरांना लिंबू कापून, त्यातून लाल रंग कसा काढतात ते करून दाखवणारा. त्या टाचण्या पाहून मी उलट्या पावली बाहेर पडलो. घरी जायच्या ऐवजी मी कोपऱ्यावरच्या सर्जेरावच्या चहाच्या गाड्यावर गेलो आणि एकच वाक्य बोललो.

"हिंदुरावच्या टेबलावर टाचण्या टोचलेली बाहुली आहे. लिंबू आहे वर."

सर्जेरावनं किटली खाली ठेवली. "आबा, तुमी सोता बगितलं?"

"पाहिलं."

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर लोक हसले असते. पण "आबा तर देवाला बी मानत न्हाईत, ते सांगत्यात म्हंजे खरंच" असं म्हणत ते वाक्य दिवे लागायच्या आत पेठभर फिरलं. शेवंताकाकूची म्हैस महिन्याभरापूर्वी आटली होती, ती हिंदुरावांमुळं. कुणाचं जुळत आलेलं लग्न मोडलं होतं, ते हिंदुरावांमुळं. सर्जेरावचा हर्निया तर त्यांच्या नावावर आधीच चढला होता.

संध्याकाळी सगळे त्यांच्या दारात. मीही होतो. मागं.

"बाहुल्या हलवायच्या," सर्जेराव म्हणाला. "लेकराबाळांची गल्ली हाय."

"आरं, तुझ्या पोरीच्या बाहुलीचा पाय मीच बसवला की रं!"

"पाय बसवायला टाचण्या कशाला लागत्यात?"

हिंदुरावांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. ती नजर भिंतीला टेकलेल्या शिडीवर गेली, मग माझ्यावर आली. ते आत गेले आणि ती बाहुली घेऊन आले. लाल खणाचा परकर अर्धा शिवून झाला होता, उरलेला टाचण्यांनी बेतून लावलेला. लिंबानं तोंड उजळलं होतं. पण डोळ्यांभोवती निळ्या चष्म्याची पुसट रेघ अजून होती.

ती मनूची बाहुली होती.

"शाई काडत हुतो," ते म्हणाले. "लिंबू आनि ऊन. दुसरं काय न्हाई."

"कुनाची हाय ती? नाव सांग की!"

हिंदुरावांनी बाहुलीचा परकर नीट केला, नाव सांगितलं नाही. मनूनं त्यांना बजावलं असणार, आबांना सांगू नका म्हणून. गल्ली दारात उभी असताना हा माणूस एका लहान पोरीला दिलेला शब्द पाळत होता. मग ते माझ्याकडे वळून इतक्या हळू म्हणाले की मला दचकायला झालं. बाहुल्यांशी बोलायचा तो आवाज होता.

"आबा, तुमी सांगा की ह्यास्नी."

एक वाक्य पुरे होतं. पण मग गल्ली मला हसली असती. लिंबू कापून दाखवणारा आबा अर्ध्या लिंबाला भ्याला. मी खाली पाहिलं. माझ्या चपलेचा अंगठा उसवला होता, तोच बघत राहिलो.

आठवडाभरात हिंदुराव गल्ली सोडून गेले. टेंपोत कपाटं चढवताना एकेका बाहुलीला टॉवेलात गुंडाळत होते, "जरा सोसा बाई, वारणानगरपत्तूर हाय" म्हणत होते. तिथं त्यांचा भाचा कारखान्याच्या वसाहतीत राहायचा. त्या सकाळी माझ्या कट्ट्यावर मनूची बाहुली ठेवलेली होती. परकर पुरा झालेला, काठाला लाल दोऱ्याची बारीक टीप. टाचणी एकही नव्हती. मी अंगभर बोट फिरवून पाहिलं.

त्यानंतर रविवार आला की ती पायरी रिकामी दिसायची, म्हणून मी खिडकीतली खुर्चीच हलवली.

मागच्या वर्षी धीर करून, मनूला कधीच न दिलेली ती बाहुली पिशवीत घातली आणि वारणानगरला गेलो. वसाहतीतलं घर शोधावं लागलं नाही. पायरीवर पोरींची रांग होती. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, आवाज बसला होता. मी पुढं झालो तसे ते मान वर करून म्हणाले,

"या पावणं. बसा."

मला वाटलं टोमणा आहे. पण भाच्याची बायको दारातून म्हणाली, "वळकत न्हाईत आता कुनाला. मनाला लावून घेऊ नका."

मी पिशवीतून बाहुली काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटीपालटी केली, परकराच्या काठावर अंगठा फिरवला. "टीप झकास हाय. कुनी घातली?"

मी काठाच्या त्या लाल दोऱ्याकडे पाहिलं.

"काय बिगडलंय बाईंचं?" त्यांनी विचारलं. तोच गंभीर चेहरा.

"केसांचा गुंता झालाय," मी म्हणालो.

त्यांनी खिशातून मिशांचा कंगवा काढला. मागच्या पोरी कुरकुरायला लागल्या तरी ते सावकाश, टोकापासून वर, एकेक बट सोडवत राहिले. मग बाहुली माझ्या हातात देत तिला म्हणाले, "संबाळून जावा बाई." मी "येतो" म्हणालो आणि निघालो.

हिंदुराव, तुमचं काही चुकलं नव्हतं. ती बाहुली माझ्या मनूची आहे, हे मला तुमच्या दारातच कळलं होतं.