मराठे सरांचा गळ

डॉक्टर मराठे अंडंसुद्धा खात नाहीत. केकमध्ये अंडं आहे का, बिस्किटात आहे का, असं विचारून विचारून त्यांनी साउथहॅम्प्टनमधले निम्मे बेकरीवाले रडकुंडीला आणलेत. आणि हाच माणूस थंडी पडली की दर रविवारी सकाळी बांबूची काठी आणि कणकेचा गोळा घेऊन एका अर्ध्या गोठलेल्या तळ्याकाठी मासे पकडायला बसतो. मिळाला तर सोडून देतो. बहुतेक रविवारी सोडायलाही काही नसतं.

मला याचा राग येतो. आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी कौतुक करायला बसलेय.

सर आमच्या शेजारी राहतात. दोन घरांत एकच भिंत. त्याआधी ते आमच्या हॉस्पिटलात हाडांचे सर्जन होते आणि मी एक्स-रे विभागात. त्यांचा आवाज ऑपरेशन थिएटरमधून निघून जिना उतरून आमच्यापर्यंत यायचा. मी काढलेला एक एक्स-रे त्यांनी सगळ्यांसमोर परत केला होता. "हा गुडघा आहे की ढग?" म्हणाले. गुडघा होता, आणि चांगला आला होता. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. ती नांदेडच्या कॉलेजात घेतलीय, लॉटरीत नाही लागली. मी तसं त्यांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "पदवी ठीक आहे. बेसिक कच्चं आहे."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. हाताखालच्या डॉक्टरांचं बेसिक कच्चं. कचरा चुकीच्या दिवशी नेणाऱ्या कौन्सिलचं बेसिक कच्चं. महाराष्ट्र मंडळात गणपतीच्या मोदकाला सांज्याचं सारण भरलं, तर अख्ख्या मंडळाचं बेसिक कच्चं. जगात फक्त एकाचं बेसिक पक्कं आहे असं ते मानतात, तो म्हणजे तळ्यावरचा बगळा. "बघ, एका पायावर उभा आहे आणि तोंड बंद आहे," असं त्यांनी मला मोठ्यांदा ओरडून सांगितलं, आणि बगळा उडून गेला.

दोन वर्षांपूर्वी सरांची नजर अधू झाली आणि गाडी चालवायची परवानगी गेली. पुढच्या शनिवारी दारात उभे. मला वाटलं, काही मदत मागतील, दोन शब्द नरमाईचे बोलतील.

"उद्या आठला निघायचं," म्हणाले. "हीटर लावू नकोस, गोळा बिघडतो."

गोळा म्हणजे कणीक, हिंग आणि हळद. हीटरने तो सुकतो आणि बाहेरच्या थंडीत दगडासारखा होतो, म्हणून सर तो पिशवीत घालून बनियनच्या आत ठेवतात. माझ्या गाडीला सोमवारी आमटीचा वास येतो. बाकीचे लोक गळाला अळ्या लावतात, सर लावत नाहीत. "मी खात नाही ते दुसऱ्याला वाढणार नाही," म्हणतात. काठावर बर्फाचा पापुद्रा धरलेला असतो. तो फोडला की आवाज होतो, म्हणून ते झाऱ्याच्या कडेने त्याला हळूच भोक पाडतात आणि तुकडे उचलून काढतात. भजी तळायचा झारा. सुमनकाकूंचा. काकू दर वर्षी दिवाळी झाली की पुण्याला जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. मी एकदा विचारलं, इतके महिने का हो? तर म्हणाल्या, "इथली थंडी आणि ह्यांचा आवाज, एका वेळी एकच सोसतं."

आता ज्याच्यासाठी हे सगळं, तो मासा. त्याला इथे क्रूशियन म्हणतात. कार्पच्या जातीचा, पण वीतभर. पितळेचा तांब्या चिंचेने घासावा तसा रंग. थंडीत तो तळाच्या चिखलात जाऊन पडतो. पाण्यातला प्राणवायू संपला की हा पठ्ठ्या स्वतःच्या अंगातच दारू तयार करतो आणि त्यावर तग धरतो. हे सरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि त्यांच्या तोंडावर मी पहिल्यांदाच अभिमान पाहिला. "माणूस दारू प्यायला की बोलत सुटतो. हा पिऊन गप्प बसतो. उन्हाळ्यात याला कोणीही पकडेल, अगं. थंडीत पकडायला अक्कल लागते."

मी मफलर नाकापर्यंत ओढून ऐकत होते, आणि माझ्या डोक्यात तिडीक जात होती. कारण मी भोयाची मुलगी आहे. माझे आबा पौषातल्या पहाटे गोदावरीत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून जाळं फेकायचे. हौस म्हणून नाही. रिकामं जाळं आलं तर आमच्या चुलीवर फक्त पाणी उकळायचं. त्यांच्या पायाच्या भेगांत माझं बोट जायचं. मी शिकले ती त्या पाण्यातून बाहेर पडायला. आणि आता मी जर्मन गाडी चालवत एका शाकाहारी माणसाला पाण्याशी घेऊन येते, आणि तो मासा पकडून सोडून देतो.

एका रविवारी मी हे बोलून दाखवलं. सगळंच. आबा, जाळं, चूल. म्हटलं, "सर, आमच्यात मासा पकडला की खातात. तुमचा हा खेळ बघून माझं पित्त खवळतं."

त्यांनी काठीवरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. मी वाट बघत होते. आपल्या लोकांत अशा वेळी एक विशिष्ट शांतता पसरते, ती मला चांगली माहीत आहे.

"भोयाची मुलगी," ते म्हणाले. "आणि दोन महिने माझ्या शेजारी नुसती जांभया देत बसलीस? मला तो देठ दिसत नाही नीट. तू बघ."

देठ म्हणजे मोरपिसाचा देठ. दोरीला बांधून पाण्यावर उभा सोडायचा, खाली हालचाल झाली की तो हलतो. त्या दिवसापासून सरांचे डोळे मी झाले. बढती मिळाली, पगार तोच.

गेल्या हिवाळ्यात मात्र खेळ खेळ राहिला नाही. तळं ज्या क्लबचं आहे, त्याने ठरवलं की मार्चमध्ये त्यात मोठे कार्प आणून सोडायचे. मोठा मासा आला की लांबून लोक येतात, तिकिटं खपतात. सर बैठकीत उठले. कार्प तळ ढवळून टाकतील, क्रूशियनचं खाणं खातील, त्याच्याशी संकर होऊन दोन-चार वर्षांत खरा क्रूशियन उरणार नाही, हे त्यांनी सांगितलं. चांगलं सांगितलं. मग शेवटी सगळ्या कमिटीला "युअर बेसिक्स आर रॉटन" म्हणाले आणि केलेलं सगळं पाण्यात गेलं.

क्लबचा सेक्रेटरी कीथ. निवृत्त बसड्रायव्हर, शांत माणूस, गुडघे गेलेले. तो म्हणाला, "डॉक, या तळ्यात खरा क्रूशियन आहेच कुठे? कोणीतरी टाकलेले गोल्डफिश आहेत आणि त्यांची भेसळ. फेब्रुवारी संपायच्या आत मला एक खरा दाखव. मी स्वतः कमिटीला थांबवतो."

म्हणजे परीक्षा फेब्रुवारीत आणि परीक्षार्थी एप्रिलपर्यंत चिखलात झोपलेला. हे कमिटीला पक्कं माहीत होतं. मला इतका संताप आला की त्या हिवाळ्यात मी स्वतःहून साडेसातला सरांची बेल वाजवायला लागले.

एकेक रविवार कोरडा गेला. सर बारीक झाले. ओरडणं वाढलं. मंडळातले लोक मला विचारायचे, "काय गं कांचन, तुझ्या सरांना सुरमई लागली का?" आणि हसायचे. मी त्यांच्याशी हळदीकुंकवालाही बोलले नाही.

शेवटच्या रविवारी उणे चार होतं. दोरीवरचं पाणी मणी होऊन गोठत होतं. कीथ शब्दाला जागून आला होता, पण समोरच्या काठावर बसला होता, कारण सरांनी त्याला सांगितलं होतं की तुझ्या बुटांचा आवाज तळापर्यंत जातो. सरांनी झाऱ्याने भोक साफ केलं, गोळ्यातून वाटाण्याएवढा तुकडा तोडून गळाला लावला. मी देठाकडे बघत बसले.

बऱ्याच वेळाने देठ हलला. बुडला नाही, उलट केसभर वर आला.

तळाशी टेकलेलं खाणं माशाने अलगद उचललं की असं होतं. आबा कधी गळ टाकायचे तेव्हा दोरीला भेंडाचा तुकडा बांधायचे, तोही असाच वर यायचा. हे मला कुठल्याच कॉलेजात शिकवलेलं नव्हतं.

"सर," मी म्हटलं. "आत्ता."

त्यांनी काठी उचलली. मासा झगडला नाही. झोपेतलं पोर उचलावं तसा वर आला, आणि सरांनी त्याच्याखाली जाळी धरली, पाण्यातच. पितळी रंग. पाठीवरचा पर बाहेरच्या बाजूला गोल. कार्पला असतात तशा मिशा नाहीत. खरा. मी उभी राहून कीथला हाका मारायला लागले.

कीथ निघाला. निसरडी वाट, त्यात त्याचे गुडघे. आणि इकडे सरांनी हातमोजे काढले आणि दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात घातले. मासा जाळीत, हात बाजूला. नुसते ठेवून दिले.

"सर, हात काढा बाहेर."

"गप्प. गरम हात लागला तर त्याला चटका बसतो. आधी हात त्याच्याएवढे गार व्हायला पाहिजेत."

हात आधी लाल झाले, मग पांढरे. सर एका शब्दाने ओरडले नाहीत. मी फोनवर फोटो काढला. त्यात वरचं आभाळ आलं आणि खाली एक पिवळा डाग.

कीथ पोचला, वाकला, पाण्यात बघितलं. मग फोटो बघितला. "हा गोल्डफिश असू शकतो, लव्ह. किटलीही असू शकते. वर काढ, डॉक. अंगावरचे खवले मोजल्याशिवाय भेसळ कळत नाही. दहा सेकंद."

"उणे चार आहे," सर म्हणाले. "ओले कल्ले गोठतात."

"दहा सेकंद, डॉक. नाहीतर मी काय सांगू त्यांना?"

सरांनी जाळी उचलायला घेतली. मी पाहिलं. पाठीवरचा तो गोल पर पाण्याच्या वर आला, हवेत थरथरला. मग त्यांनी जाळी परत खाली केली, त्या पांढऱ्या हातांनी गळ सोडवला, आणि जाळीची कड पाण्याखाली दाबली. मासा जरा वेळ तिथेच राहिला. मग खाली गेला.

कीथ गुडघ्यांवर हात टेकून सरळ झाला. "सॉरी, डॉक. जे मी पाहिलं नाही ते मी पाहिलं म्हणणार नाही," म्हणाला, आणि आल्या वाटेने परत गेला.

मग मी सुटले. दोन हिवाळ्यांचं सगळं बाहेर काढलं. म्हटलं, "सर, मूर्ख आहात तुम्ही. एका माशासाठी सगळं तळं घालवलंत. तळातले बाकीचे सगळे आता मरणार. हिशोब येतो का तुम्हाला? आबांनी तुम्हाला पाण्यात ढकललं असतं." आणखीही बरंच बोलले, ते लिहिण्यासारखं नाही.

सरांनी ऐकून घेतलं. हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

"तळं ते घालवतील," ते म्हणाले. "हा मेला असता तर तो मी मारला असता. तो झोपला होता, कांचन. मी उठवला त्याला."

मी काठीची दोरी गुंडाळली, खुर्च्या मिटल्या. त्यांना हातमोजे घालता येत नव्हते, बोटं वळत नव्हती. ते मी घातले, जरा दांडगाईनेच. म्हटलं, चला, निघू.

ते हलले नाहीत.

"थोडं थांबशील का?" म्हणाले. हळू. हा आवाज जिना उतरून कुठेही पोचला नसता. "घरी गेलं की हे कोणाला सांगू मी? इथे निदान तू आहेस."

मी मिटलेल्या खुर्च्या परत उघडल्या. आणि मग सर मला, जिने सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं तिला, पहिल्यापासून सांगायला लागले.