चौकशीच्या खिडकीतला गुरुपाद

तुम्हाला राग आला, तर तो तुम्ही तोंडानं सांगता का? की कपाळावर आठ्या घालून बसता, आणि समोरच्यानं ओळखला नाही म्हणून आणखी रागावता?

आमच्या शाहूपुरीच्या गल्लीतला गुरुपाद सांगत असे. एस.टी. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत तो कामाला होता, आणि गाडीची वेळ सांगावी तशी स्वतःच्या मनाची खबर देई. "पावणं, तिसऱ्यांदा तेच इचारताय. मला राग आलाय. थांबा, जाईल आत्ता." पाहुणा बिचारा पिशवी छातीशी धरून राग जाण्याची वाट बघे. "गेला. बोला आता." घरमालकाला तो दारातच म्हणे, "मालक, तुमाला बघितलं की कंटाळा येतोय. राग न्हवं, कंटाळा. या, बसा."

गल्लीनं त्याला खुळा ठरवून टाकलं होतं. मी तेव्हा पत्रकं छापून वाटत फिरायचो. जगातल्या प्रत्येक अन्यायावर माझ्याकडं एक पत्रक असे. तरी गुरुपादला सगळ्यांबरोबर मीही हसत होतो, ही कबुली देऊन टाकतो.

एकदा त्याच्या घरी चहाला गेलो. घरात तो आणि त्याची धाकटी बहीण नीला, दोघंच. बावीस वर्षांची नीला भिंतीकडं बघत मला म्हणाली, "तुमच्या सदऱ्यावर शाईचा डाग हाय. परवाबी हुता."

"नीला," गुरुपाद म्हणाला, "ह्यास्नी आता लाज वाटली. कान लाल झाल्यात बघ."

तिनं माझे कान नीट निरखले आणि मान हलवली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नीलाला चेहरे वाचता येत नव्हते. रुसवा, टोमणा, संकोच, आपण न शिकवता शिकतो ते तिला पाटीवर अक्षर गिरवावं तसं एकेक शिकायचं होतं. म्हणून हा भाऊ घरात स्वतःचं मन मोठ्यानं वाचून दाखवी, आणि ती सवय खिडकीतही सुटत नसे.

सुट्टीच्या दिवशी तो तिला घेऊन स्टँडच्या बाकावर बसे. गाड्यांच्या वेळा तिला सगळ्या पाठ.

"ती बाई चंदगडला निघालीय. गाडी कवा हाय, तिला ठाऊक हाय?"

"साडेधाला हाय. मला ठाऊक हाय."

"तुला हाय गं. तिला?"

नीला चिडे. आपल्याला माहीत आहे ते दुसऱ्याला माहीत नसेल, हे तिच्या गळी उतरतच नसे. "समद्यांस्नी समदं ठाऊक असतं, तर सरकारनं माझी खिडकी कशाला बांधली असती?" गुरुपाद विचारी. दोन वर्षं हा एकच धडा चालला होता.

आणि एका रविवारी निपाणीहून त्याचे मामा स्टँडवर उतरले. मामांच्या कमळीशी गुरुपादचं लग्न ठरल्यातच जमा होतं, त्याचाही जीव तिच्यावर होता. पण मामांची अट होती. आधी नीलाला नृसिंहवाडीला देवाच्या दारी नेऊन सोडायचं. माणूस म्हणजे काय गाठोडं आहे, कुठल्याही पायरीवर ठेवून यायला? मी पत्रकं घेऊन तिथंच उभा होतो, माझं रक्त उसळलं.

"पोरीला बाधा हाय," मामा म्हणाले. "दुसऱ्याच्या जिवाचं काय कळतंय का हिला? दगूड हाय दगूड. चल, वाडीची गाडी लागलीय."

"मामा, मला राग आलाय," गुरुपाद म्हणाला. "ह्यो जायाचा न्हाय."

तेवढ्यात नीला उठली. समोर चंदगडच्या फलाटावर एक म्हातारी भाजीची बुट्टी घेऊन बसली होती. नीला तिच्यापुढं गेली आणि बुट्टीकडं बघत बोलली, "आजी, तुमाला ठाऊक न्हाय. गाडी आज पल्याड लागलीय. कंडाक्टर सांगून गेला तवा तुमी नळावर गेलता. म्हणून तुमाला ठाऊक न्हाय."

म्हातारी धावली. गाडी मिळाली. खिडकीतून तिचा हात हलत राहिला.

गुरुपाद बाकावर चढला. "पावणं, समद्यांनी ऐका! मला आनंद झालाय! आन् ह्योबी जायाचा न्हाय!" कारण न कळताच लोकांनी टाळ्या पिटल्या, एका कंडक्टरनं घंटी वाजवली, आणि मी हातातली पत्रकं हवेत उधळली. विषय कोणता होता, आता आठवत नाही.

मामा दगडासारखे उभे होते. "मग कमळीचं दुसरीकडं बघतो," एवढं म्हणून ते निपाणीच्या गाडीत बसले.

आम्ही तिघं चहाला बसलो. "आनंद हाय. भूकबी हाय," गुरुपादनं जाहीर केलं आणि कप समोर ठेवून तो बसला. नीलानं त्याच्या कपाकडं पाहिलं. मग त्याच्या चेहऱ्याकडं, बराच वेळ.

"अण्णा, च्यावर साय धरली. तू निपाणीच्या फलाटाकडं बघतोयस. गाडी कवाच गेली."

"व्हय."

"तुला वाईट वाटतंय. हे तू सांगितलं न्हाईस."

सगळ्या स्टँडला मन सांगणाऱ्या त्या माणसानं फलाटावरची नजर काढून तिच्याकडं पाहिलं. नीलानं चहात बुडवायचा आपला बटर मोडला आणि मोठा तुकडा त्याच्या बशीत ठेवला.

वाचकहो, पत्रकं पुष्कळ लिहिली, पण मागणं हे एकच. तुमच्या गल्लीतही एखादी नीला असेल. आज तिच्याशेजारी जाऊन बसा. तुमच्या मनात काय आहे ते तिला स्वच्छ शब्दांत सांगा, तिला ते ठाऊक नाही. आणि मग तिच्या मनात काय आहे ते विचारा. तुम्हाला तरी कुठं ठाऊक आहे?