सेवरीनबायच्या नावापुढचा क्रूस

चौक गावच्या सेवरीनबायला देवाची भाषा येत होती. हे तिचं स्वतःचं म्हणणं, आणि ते खोडून काढायची गावात कुणाची छाती नव्हती!

"फादर सांगतात ते पुस्तकातलं," ती म्हणायची. "देव काय पुस्तक बघून बोलतोय?"

त्याला कारणही होतं. तिच्या लहानपणी चर्चमधली मिस्सा, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, लॅटिनमध्ये व्हायची. फादर लोकांकडे पाठ करून पुटपुटत, बायकांना त्यातलं एक अक्षर कळत नसे. मग बायका दुसरीकडे लक्ष ठेवत. मेणबत्ती कुठं झुकली, घंटा वाजवताना कुणाचा हात अडला, धूप कुणाच्या नाकात गेला. सेवरीनच्या आईनं ही विद्या तिला दिली. पुढे मिस्सा मराठीत आली, सगळं कळायला लागलं, आणि बाकीच्या बायका ही विद्या विसरल्या. सेवरीनबाय विसरली नाही.

एका लग्नात अंगठी फादरांच्या हातून निसटली आणि घरंगळत नवरीच्या आईच्या चपलेला टेकली. "पोरगा घरजावई होणार!" सेवरीनबाय मागच्या बाकावरून म्हणाली. झाला की! एका बाप्तिस्म्याला बाळानं फादरांचा चष्मा ओढला. "वकील होणार हा!" बाळ अजून दुसरीतच होतं, पण भांडायला लागलं होतं.

दुसऱ्यांसाठी असे शंभर अर्थ. स्वतःसाठी मात्र प्रत्येक खुणेचा एकच. चर्चमध्ये चिमणी शिरली, मेल्विन येणार. वेदीवरचं फूल गळलं, मेल्विन येणार. माइकनं शिट्टी मारली, तरी मेल्विनच येणार!

मेल्विन तिचा एकुलता एक मुलगा. बहारीनला एका कंपनीत नोकरीला. चार वर्षं आला नव्हता. रविवारी संध्याकाळी फोन करायचा. "आय, जेवलीस? बरी हायस ना? लीव मिळत न्हाय गो." एवढं बोलून झालं की दोघंही गप्प, आणि मग फोनच गप्प. सेवरीनबाय रिसीव्हर ठेवायची, दोघांसाठी केलेल्या कालवणातलं अर्धं झाकून ठेवायची आणि सोमवारी तेच गरम करून खायची. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली तरी तिच्या हाताला एकटीपुरतं कालवण काही जमत नव्हतं.

दोन हजार सहाच्या नोव्हेंबरात तिला सत्तर वर्षं पुरी होणार होती. तिनं ठरवलं, आपल्या नावानं एक मिस्सा द्यायची. चर्चच्या ऑफिसात त्यासाठी चिठ्ठी द्यावी लागते, वर नाव आणि खाली हेतू. तिनं कागद घेतला. हिंदू बायका कागदाच्या माथ्यावर श्री काढतात, तसा ती आधी एक क्रूस काढायची. किराण्याच्या यादीवर क्रूस, दूधवाल्याच्या कॅलेंडरवर क्रूस. तसाच इथंही काढला. कागद जरा लहान होता, म्हणून शेजारीच नाव लिहिलं, 'सेवरीन मिनेझिस'. हेतूची जागा कोरी ठेवली. मेल्विनचं यायचं देवाला ठाऊक होतं, ऑफिसातल्या पास्कूला कशाला सांगायचं?

आता गंमत अशी, की आमच्याकडे नावाच्या आधी क्रूस काढतात तो मेलेल्या माणसाच्या! त्यात नोव्हेंबर म्हणजे मृतांचा महिना. पास्कूच्या टेबलावर अशा क्रूसवाल्या चिठ्ठ्यांचा ढीग पडला होता. मिनेझिसांच्या घराण्यात सेवरीन तीन होत्या, पैकी दोन वर गेलेल्या. पास्कूनं फार डोकं चालवलं नाही. फादर तर नवे, येऊन पंधरा दिवस झालेले.

रविवारी सातच्या मिस्साला सेवरीनबाय नवी साडी नेसून तिसऱ्या बाकावर बसली. फादरांनी यादी वाचायला घेतली.

"आणि सेवरीन मिनेझिस, हिच्या आत्म्यास चिरशांती लाभावी म्हणून."

त्याच क्षणी तिच्या डोक्यावरचा पंखा बंद पडला!

लाईट गेली होती, दुसरं काय! पण सेवरीनबायच्या अंगावर काटा उभा राहिला. शेजारची ब्रिजित कानाशी लागली, "अगो, ती दुसरी सेवरीन असंल. पाटाकडं राहायची ती, वारलेली."

"तिच्या नावानं मिस्सा द्यायला तिचं उरलंय कोण?" सेवरीनबाय शांतपणे म्हणाली. "नाव घेतलं नि वारा थांबवला. आणखी काय पत्र पाठवंल तो?"

झालं! दुपारपर्यंत सगळ्या चौकाला कळलं की सेवरीनबायला बोलावणं आलंय. आणि जिचा दुसऱ्यांबद्दलचा एकही अंदाज चुकला नाही, तिचा हा तरी कसा चुकावा? ज्या घरात वर्षभर कुणी डोकावलं नव्हतं तिथं माणसांची रीघ लागली. कुणी बांगडा आणला, कुणी जुनं भांडण मिटवायला आलं. संध्याकाळी बायका रोझरीला, म्हणजे माळेच्या प्रार्थनेला जमल्या. सेवरीनबाय मध्यभागी खुर्चीवर बसली, आणि खरं सांगायचं तर तिला फार बरं वाटलं. इतकी माणसं तिच्या घरात तिच्या नवऱ्याच्या मयतीनंतर आलीच नव्हती.

मेल्विनचा फोन मात्र त्या रविवारी आला नाही. कामात असेल. तिनं स्वतःहून केला नाही. "मरतेय म्हणून बोलावू? तसा आला तर मना नको," ती ब्रिजितला म्हणाली, आणि रात्रभर फोनकडे तोंड करून झोपली.

पण ब्रिजितचा वसईचा जावई त्या दिवशी मिस्साला आला होता. म्हणजे चर्चच्या दाराबाहेर स्कूटरवर बसला होता! त्यानं आतून यादी ऐकली, नाव ऐकलं, आणि प्रवचनाच्या आधीच सटकला. घरी जाऊन रात्री उशिरा त्यानं मेल्विनला सांत्वनाचा फोन लावला.

सोमवारी सकाळी मेल्विननं घाबरून घरी फोन केला. तो उचलला ब्रिजितनं. मागे बायकांची रोझरी चालू, आणि त्या प्रार्थनेतला 'मरणसमयी' हा शब्द दर मिनिटाला.

"ब्रिजितमावशी! आय कुठं हाय?"

"सिमेटरीत गेली रे बाबा!"

"सिमेटरीत? कंदी?"

"आता सकाळच्याला. तुझ्या पप्पाच्या शेजारची जागा…" पुढचं 'साफ करायला गेली, तासाभरात येईल' हे खरखरीत गेलं.

"मना कुणी सांगितलं पण न्हाय!" मेल्विन हुंदके द्यायला लागला.

"रडू नको रे. तिनं सगळी तयारी केलीवती. पांढरी साडी बी काढलीवती. शांत होती बघ, एकदम शांत!"

तिकडून फोन बंद. ब्रिजित बायकांना म्हणाली, "किती माया हाय पोराची!" आणि पुढची माळ सुरू झाली. सेवरीनबाय परत आली तेव्हा तिनं 'मेल्विनचा फोन आलाता' एवढंच सांगितलं. रडला म्हणाली नाही. म्हातारीचा जीव त्यातच अडकायचा!

बुधवारी सकाळी सेवरीनबाय अंगणात उभी होती. जायचं तर नीट जायचं, म्हणून पांढरी साडी एकदा नेसून बघितली होती. केस न्हाऊन मोकळे सोडलेले. मागे बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत होते. रिक्षा थांबली आणि फाटकातून काळा सूट घातलेला एक माणूस फुलांचं चक्र घेऊन आत आला.

त्यानं वर पाहिलं. चक्र हातातून पडलं.

"आय!!!"

सेवरीनबाय जागची हलली नाही. तिला वाटलं, संपलं. गेलो आपण. मेल्यावर माणसाला हवं ते दिसतं म्हणतात, ते हेच. तिनं डोळे मिटून घेतले, न जाणो उघडे ठेवले तर जाईल.

"मेल्विन," ती हळूच म्हणाली, "मेले काय रे मी?"

"मना काय विचारतेस? मी तुझ्या मयतीला आलोय!"

मग जो गोंधळ उडाला त्याचं काय वर्णन करावं! मेल्विन रडत होता, ओरडत होता, मध्येच आईचे हात दाबून बघत होता. ब्रिजित "मी कुठं म्हणाले मेली? मी म्हणाले सिमेटरीत गेली!" असं चौथ्यांदा सांगत होती. शेवटी फादर आले, मागून पास्कू चिठ्ठी घेऊन आला.

"हा क्रूस कुणी काढला?" पास्कूनं विचारलं.

सेवरीनबायनं चिठ्ठीकडे पाहिलं, मग फादरांकडे, मग बोंबलांकडे.

"मीच," ती म्हणाली. "पण पंखा मी बंद केला न्हाय हां!"

फादर हसले. "आणि हेतू काय होता, बाय? ही जागा कोरी आहे."

 मेल्विन ओट्यावर बूट काढत बसला होता, ती त्याच्याकडे बघत राहिली.

चार दिवस मेल्विन राहिला. त्यातले दोन तो झोपला आणि एक त्याच्या मोबाईलवर गेला. पण चारही दिवस कालवण त्याच दिवशी संपलं. शनिवारी तो बॅग भरत होता तेव्हा ती दारात उभी राहिली.

"इतकी वर्षं लीव मिळत नव्हती, आता एका दिवसात कशी मिळाली रे?"

मेल्विनची मान खाली. "आय, ती… आई वारली की देतात ती लीव हाय. लगेच देतात. तिकीट पण देतात."

"मग आता जाऊन सांगशील ना, आय जिवंत हाय म्हणून?"

"नोकरी जाईल गो! मॅनेजर माझ्या गळ्यात पडून रडला. सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळली."

"म्हणजे बहारीनला मी मेलेय?"

"ऑफिसात. फक्त ऑफिसात."

सेवरीनबाय दारातून आत आली. "आणि खरोखर मेले तर?"

मेल्विननं बॅगेची चेन दोनदा लावली, दोनदा काढली. "ती लीव एकदाच असते, आय."

"मग तुझं कंत्राट कंदी संपतं?"

"दोन हजार अकरा. मार्च."

तिनं बोटांवर वर्षं मोजली. त्याला बसस्टॉपपर्यंत सोडलं, भाईंदरची बस वळणाआड जाईपर्यंत उभी राहिली. मग घरी न जाता तशीच गावातल्या दवाखान्यात गेली. तिथं ती आयुष्यात कधी गेली नव्हती. सर्दीलाही नाही.

डॉक्टरांनी नाडी धरली. "बोला आजी, काय होतंय?"

"होत काय न्हाय, डॉक्टर," सेवरीनबाय म्हणाली. "अकरा सालच्या मार्चपर्यंत होऊ बी देऊ नका!"