दादाच्या ट्रॅक्टरला दुसरं पोट

वाचकहो, माझ्याबद्दल कुणी काही बरं बोललं असेल तर ते एवढंच, की फाटक्या पुस्तकाला दुसऱ्याच पुस्तकाचा पुठ्ठा मी असा बसवतो की ओळखू येत नाही! शाळेत ग्रंथपाल होतो ना. त्या जोरावर मी एका सकाळी बायकोला, शेवंतीला, जाहीर करून टाकलं, "दादाच्या ट्रॅक्टरला मी दुसरं पोट बसवणार!"

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, गुरुदास. जन्मभर बोटीवर इंजिनं सांभाळली आणि निवृत्त झाल्यावर गोव्यातल्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून गवत कापायचा बुटका ट्रॅक्टर घेऊन धामापूरला आला. एक खुर्ची, चिमुकलं स्टिअरिंग आणि पोटाखाली पात्यांचा पसरट डबा. चतुर्थीला मुंबईची पोरं आली की एकेकाला मांडीवर घेऊन काजू-नारळाच्या बागेत फेऱ्या मारायचा. पोरं किंचाळायची, दादा त्यांच्याहून मोठ्याने! कापलेल्या गवताचा आणि पेट्रोलचा तो वास मला अजून येतो, कधीही, कुठेही. दादा गेला आणि पुढच्याच पावसाळ्यात तो डबा गंजून गळून पडला. जणू त्यालाही कळलं होतं.

"तुमच्यान ह्यां जमाचा नाय," शेवंती म्हणाली. "कसालचो भंगारवालो दुपारी येतलो. तेका मी सांगून ठेवलंय."

"आणि आज गवत कापून दाखवलं तर?"

"कापल्यान तर ऱ्हवांदे. नाय तर जांदे."

झालं! नांदगावच्या जुन्या बाजारातून मी दुसऱ्याच जातीच्या ट्रॅक्टरचा डबा आणून ठेवला होता. जरा रुंद होता. पण पुठ्ठाही कधी कधी रुंद असतोच की! भोकं जुळेनात तिथे तार बांधली. पट्टा ताणून पुलीवर चढवला. डब्याचा एक कोपरा थांबवायच्या पेडलखाली घुसत होता, तेही मला दिसलं. पण आधीच माझा माझ्यावर विश्वास कमी. त्यात स्वतःच्याच चुका काढत बसलो असतो तर संध्याकाळ झाली असती.

चावी फिरवली. ट्रॅक्टर खोकला. अगदी दादासारखा! मग धडधडू लागला, खाली पाती गरगरू लागली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. थोडं धुराने, थोडं खरं.

आवाज ऐकून शेजारचा लवू चार माणसं घेऊन कुंपणातून आत आला. लवू गावातल्या प्रत्येक शुभकार्याला गाऱ्हाणं घालतो. देवाला सगळं नीट समजावून सांगतो आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं.

"रे, गाऱ्हाण्याबिगर सुरू केलंस? थांब!"

"बंद करू का?"

"बंद केलंस तर परत चालू होवचा नाय! तसोच बस, हात जोड!"

मी हात जोडले. कोपर गिअरला लागला. खट्! ट्रॅक्टर निघाला.

"बा देवा म्हाराजा!" लवूने डोळे मिटून सुरुवात केली. "आज ह्यो तुझो लेकरू गवत कापूक बसलो आसा..."

"व्हय म्हाराजा!"

मी पेडल दाबलं. पेडल डब्यावर टेकलं आणि तिथेच बसलं. आता गाऱ्हाणं चालू असताना ओरडायचं कसं? आपल्याकडे गाऱ्हाणं मध्येच तोडत नाहीत. मी जन्मात कुणाला मध्येच तोडलेलं नाही, तिथे देवाला काय तोडणार! आंब्याला वळसा घालून मी मंडळींसमोरून गेलो आणि जाता जाता अदबीने म्हणालो, "व्हय म्हाराजा!"

दुसऱ्या फेरीत शेवंतीचा वालीच्या शेंगांचा मळा आडवा झाला. तिसऱ्या फेरीत दोरीवरचा माझा पायजमा गेला. लवूने एक डोळा उघडला, पण तोंड थांबवलं नाही.

"ह्येका चावी फिरवची बुद्धी दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी भक्तिभावाने ओरडलो आणि पुढे गेलो.

"रे चावी! चावी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

शेवटी भाताच्या उडवीत, पेंढ्यांच्या त्या उंच ढिगात, तोंड खुपसून ट्रॅक्टर बंद पडला. मी पेंढ्यात, चष्मा देवाला ठाऊक! वर पाहिलं तर फाटकात कसालचा भंगारवाला उभा. शेवंती त्याच्याकडे गेली. संपलं, मला वाटलं. दादाला दुसऱ्यांदा पोचवायचं आता.

"तुमी चाय घेवन जावा," ती त्याला म्हणाली. "चालतो ट्रॅक्टर कोण इकता?"

मग माझ्या केसांतला पेंढा काढत हळूच म्हणाली, "आवाज ऐकलंय नि वाटला, भावजीच इले."

मी पेंढ्यातच उठून बसलो. "म्हणजे... राहणार?"

"ऱ्हवतलो. पण तुमी हात लावचो नाय. चालवतलंय मी!"

कुडाळच्या मेकॅनिकने डब्याचा कोपरा कापून दिला. आता दर रविवारी शेवंती खुर्चीत बसून बागेत फेऱ्या मारते, आणि खोटं कशाला सांगू, झकास चालवते! माझ्याकडे तिच्यापुढे चालत पडलेले नारळ उचलायचं काम आहे. तेही, ती म्हणते, मी फार हळू करतो.